चौदाव्या बोअरपाशी थांबा

दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोत्सवाना यांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, तिथे आऊब नावाची एक कोरडी नदी आहे. तिच्या पात्रातल्या एका पाणवठ्याच्या आफ्रिकान्स नावाचा अर्थ आहे ‘चौदावी बोअर’. 1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा शेजारच्या जर्मन वसाहतीवर चालून जाणाऱ्या फौजेला पाणी मिळावं म्हणून दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने या पात्रात ओळीने बोअर मारल्या आणि त्यांच्यावर राखणदार बसवले. युद्ध संपलं, राखणदारही गेले. त्यांच्यातल्या एकाचं दगडी घर ऑक्टरलोनी इथे छोटं संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. पाण्याच्या जागा मात्र राहिल्या आणि आज तिथे सिंह, चित्ते, तरस, हरणं पाणी प्यायला येतात.

हे कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क. स्थानिक माणसं त्याचा उच्चार ‘खलाखाडी’च्या जवळपास करतात आणि त्याचा अर्थ ‘तहानेची भूमी’ असा सांगतात. कलहारीच्या लाल वाळूत पसरलेलं हे अभयारण्य जवळजवळ 38,000 चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिण आफ्रिकेने 1931 साली आपल्या बाजूला राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं होतं. पुढे ते आणि बोत्सवानाचं शेजारचं उद्यान एकत्र आलं आणि मे 2000 मध्ये दोन्ही देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी या सामाईक उद्यानाचं उद्घाटन केलं. नोसोब ही दुसरी कोरडी नदी म्हणजेच दोन देशांमधली सीमा. तिथे कुंपण नाही. प्राण्यांना सीमा ठाऊक नसते, हे दोन सरकारांनी लेखी मान्य केलेलं हे ठिकाण.

आफ्रिका म्हणजे मसाई मारा, असं समीकरण आपल्याकडे पक्कं झालं आहे. त्यापलीकडे जाऊन, स्वतः गाडी चालवत हे वाळवंट पाहू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सल्ला एकच आहे, बाकी सगळी त्याची तयारी: इथे धावायला जाऊ नका, थांबायला जा.

आधी अपेक्षा नीट ठरवा

इथे हत्ती, गेंडे किंवा रानम्हशींचे कळप दिसणार नाहीत. ‘बिग फाइव्ह’ची यादी पुरी करायची असेल तर क्रुगरला जा. इथलं वैभव वेगळं आहे. काळ्या आयाळीचे सिंह, चित्ता, बिबट्या, तपकिरी तरस, हनी बॅजर, मोठ्या कानांचे खोकड, दोन पायांवर उभे राहून पहारा देणारे मीरकॅट. गरुड, ससाणे आणि घुबडं पाहायला तर जगभरातून पक्षिमित्र येतात. कोरी बस्टर्ड हा जगातल्या सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आणि आपल्या माळढोकाच्याच कुळातला. नान्नजला तासन्‌तास दुर्बीण लावूनही ज्यांना माळढोक दिसला नाही, त्यांनी हा पक्षी गवतातून रुबाबात चालताना पाहावा. आपण काय गमावत चाललो आहोत ते तिथे कळतं.

चित्त्याचंही तसंच. भारतातून नामशेष झाल्याचं 1952 साली जाहीर झालेला हा प्राणी 2022 मध्ये नामिबियातून आणि 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कुनोला आणला गेला. त्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. इथे आऊबच्या पात्रात तो स्प्रिंगबॉक हरणांमागे झेपावताना पाहता येतो.

कोणत्या महिन्यात जावं

तिकडचे ऋतू आपल्या उलट. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा, पारा 40 अंशांच्या वर जातो. पाऊस पडतो तो साधारण जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान, गडगडाटी सरींनी, आणि वर्षाकाठी तोही तुटपुंजाच. पाऊस झाला की पात्रं हिरवी होतात आणि गवत खायला हरणं तिथे उतरतात. जून ते ऑगस्टमध्ये दिवस सुखद, पण रात्री पारा शून्याखाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळं करपलेलं असतं, धूळ असते, पण प्राणी पाणवठे सोडत नाहीत.

मराठी कुटुंबांच्या सोयीने बोलायचं तर शाळांची मे महिन्याची सुट्टी या प्रवासाला फार छान जुळते. तेव्हा तिथला उकाडा सरलेला असतो, कडाक्याची थंडी अजून यायची असते आणि गवत सोनेरी झालेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर उन्हाची तयारी ठेवा, दुपारी 11 ते 4 सावलीत काढा. कोणत्याही महिन्यात गेलात तरी पहाटेसाठी स्वेटर आणि कानटोपी हवीच. वाळू जितक्या लवकर तापते, तितक्याच लवकर गारही होते.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो. मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले जवळ ठेवा. पार्कमध्ये ज्या देशातून शिरलात त्याच देशात परतणार असाल, तर आत पासपोर्टचे सोपस्कार नाहीत. पण माटा-माटाच्या फाटकातून नामिबियात किंवा पलीकडून बोत्सवानात उतरायचं असेल, तर पासपोर्टवर शिक्के लागतात आणि पार्कमध्ये किमान दोन रात्री राहावं लागतं. अशा वेळी त्या देशाचा व्हिसा, तुमचा दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा किती प्रवेशांचा आहे आणि भाड्याची गाडी सीमेपार न्यायचं परवानगीपत्र, या तीन गोष्टी घरून निघण्याआधीच पक्क्या करा.

मुंबईहून नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल, तर पीतज्वराची लस हा प्रश्न येतो. तिथे 12 तासांहून जास्त थांबा असेल किंवा विमानतळाबाहेर पडणार असाल, तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते. परतताना भारतातही तो विचारला जाऊ शकतो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

हिवतापाबद्दलही डॉक्टरांशी आधी बोला, विशेषतः पावसाळी वर्षात. 1934 साली इथल्या दोन्ही नद्यांना पूर आला आणि त्यानंतरच्या हिवतापात पार्कचे पहिले रेंजर योहानेस ल रिश आणि त्यांचे सहकारी गर्ट यानुअरी हे दोघेही दगावले. वाळवंटातही पाणी साचलं की डास येतो.

पोचायचं कसं, गाडी कोणती

जोहान्सबर्ग किंवा केप टाउनहून विमानाने अपिंग्टन गाठा आणि तिथे गाडी भाड्याने घ्या. अपिंग्टन ते पार्कचं मुख्य ठाणं त्वी रिव्हिएरेन हे अंतर साधारण 250 किलोमीटर, सगळा रस्ता डांबरी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भारतीय चालकाला फार जड जात नाही. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, भाड्याने गाडी देणारे तो मागू शकतात.

पार्कच्या आत डांबर संपतं. खडी, वाळू आणि पन्हळी पत्र्यासारख्या वळ्यावळ्यांचे रस्ते. मुख्य रस्त्यांना फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच असं नाही, पण गाडी जमिनीपासून उंच हवी. स्टेपनी दोन असतील तर उत्तम. एकच असेल तर ती पूर्ण आकाराची आहे ना, जॅक आणि पाना आहे ना, हे गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून पाहा. विम्यात टायर आणि काचा येतात का, तेही विचारा. आत शिरल्यावर टायरमधली हवा थोडी कमी करा. किती, ते फाटकावरच्या माणसांना विचारा, त्यांचा सल्ला पुस्तकापेक्षा खरा. परतताना डांबरावर येण्याआधी हवा पुन्हा भरा.

आतली वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर आहे. त्वी रिव्हिएरेन ते माटा-माटा सुमारे 120 किलोमीटर, तर नोसोब कॅम्प सुमारे 160. नकाशावर दोन-तीन तासांचं वाटतं. वाटेत काहीच न दिसता नोसोब गाठायलाही चार तास धरा. आणि काही दिसणार नाही, असं तिथे होत नाही.

बोत्सवानाच्या बाजूचा माबुआसेहुबे हा भाग फारच दुर्गम. तिथे फोर-व्हील ड्राइव्ह अनिवार्य समजा, दोन गाड्या बरोबर ठेवा आणि वाळूत गाडी चालवायचा सराव असल्याशिवाय जाऊच नका. पहिल्या खेपेला दक्षिण आफ्रिकेची बाजू पुरेशी आहे.

मुक्काम

आरक्षण दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यान संस्थेकडे, म्हणजे सॅनपार्क्सकडे, ऑनलाइन होतं. जागा कमी आणि मागणी खूप, म्हणून जवळपास वर्षभर आधी तारखा ठरवा. आधी आरक्षण करा, मग विमानाची तिकिटं काढा. हा क्रम उलटा झाला की पंचाईत होते.

मुख्य कॅम्प तीन: त्वी रिव्हिएरेन, माटा-माटा आणि नोसोब. तिन्हींना कुंपण आहे, छोटं दुकान आहे, पेट्रोल-डिझेल आहे. रेस्टॉरंट मात्र फक्त त्वी रिव्हिएरेनला, आणि मोबाइलची रेंजही तिथपुरतीच धरून चाला. नोसोब आणि माटा-माटाला पाणवठ्यासमोर आडोसा बांधलेला आहे, आपल्या मचाणासारखाच. तिथे रात्री उशिरापर्यंत बसता येतं.

याखेरीज कीलीक्रांकी, उरिकारुस, ग्रूटकोल्क अशी छोटी वन्य मुक्कामाची ठिकाणं आहेत. तिथे मोजक्याच झोपड्या, कुंपण नाही, दुकान नाही. पिण्याचं पाणी आणि जळाऊ लाकूड आपलं आपण न्यायचं. सिंह अंगणातून जाऊ शकतो, म्हणून अंधार पडला की आत. बारा वर्षांखालच्या मुलांना बहुतेक अशा ठिकाणी प्रवेश नाही. माटा-माटाजवळचा कलहारी टेंटेड कॅम्प हा अपवाद. तिथे मुलांना नेता येतं, पण कुंपण तिथेही नाही, त्यांच्यावरची नजर हटू देऊ नका.

पाणी, शिधा, औषधं

कॅम्पच्या नळाचं पाणी मचूळ असतं. पिण्यासाठी माणशी दिवसाला चार ते पाच लिटर धरा आणि गाडीत कायम 20 लिटरचा जादा साठा ठेवा. या साठ्याला हात लावायचा नाही, तो गाडी बंद पडली तर.

झोपड्यांमध्ये स्वयंपाकाची भांडी आणि शेगडी असते. त्यामुळे शाकाहारी माणसांची इथे उपासमार होत नाही, उलट सोयच होते. तांदूळ, डाळ, बटाटे, कांदे, फळं अपिंग्टनच्या सुपरमार्केटमधून भरून घ्या. घरून न्यायचंच असेल तर थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजलेले पोहे अशा भाजलेल्या, बंद पाकिटातल्या गोष्टी न्या. अन्नपदार्थांबाबत कस्टम्सचे नियम असतात, जे बरोबर आहे ते विमानतळावर विचारल्यास स्पष्ट सांगा.

मोठं रुग्णालय अपिंग्टनलाच, म्हणजे नोसोबपासून 400 किलोमीटरवर. रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधं मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी घ्या. प्रवास विम्यात रुग्णाला विमानाने हलवायची तरतूद आहे का, ते वाचून पाहा. हृदयविकार असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना हे अंतर सांगून मगच निर्णय घ्यावा.

जीव वाचवणारे नियम

कॅम्प आणि ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागा सोडल्या, तर गाडीतून उतरायचं नाही. फोटोसाठी नाही, लघवीसाठीही नाही. विश्रांतीच्या जागांनाही कुंपण नसतं, उतरण्याआधी चारी बाजूंना, झाडाखाली आणि स्वच्छतागृहाच्या आडोशाला नजर टाका.

सकाळी कॅम्प सोडताना नोंद करावी लागते आणि संध्याकाळी पोचल्यावर पुन्हा. फाटकं साधारण सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद होतात. तुम्ही परतला नाहीत तर ही नोंद पाहूनच शोध सुरू होतो. तिला कंटाळू नका.

गाडी बंद पडली किंवा रुतली तर गाडीतच थांबा. मदत आणायला पायी निघू नका. बंद गाडी शोधणाऱ्याला दिसते, वाळूत चालणारा माणूस दिसत नाही. उन्हात त्याच्याकडे फार वेळही नसतो.

रात्री कॅम्पमध्ये बूट घालून, टॉर्च घेऊन चाला. केप कोब्रा, पफ अॅडर आणि विंचू हे इथले रहिवासी आहेत. बूट बाहेर ठेवू नका. सकाळी घालण्याआधी झटकून घ्या.

पाहायचं कसं

पहिल्या खेपेला आम्ही ताडोब्याच्या सवयीने गेलो होतो. जिप्सी धावते, गाइडला ‘कॉल’ ऐकू येतो, धूळ उडवत वळण घ्यायचं, वाघ दिसला की पुढे. तीन रात्रींत आम्ही तिन्ही कॅम्प केले, रोज दोनशे किलोमीटर गाडी हाकली आणि लांबून जाणारी हरणं पाहून परतलो. दुसऱ्या खेपेला चौदाव्या बोअरपाशी गाडी बंद करून बसलो. पहिला तास होले आणि चिमण्या. नऊच्या सुमाराला आभाळातून पखुर्ड्यांचे थवे उतरले. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून ते पाणी मैलोन्‌मैल लांब पिल्लांपर्यंत नेतो. तो तसा भिजत असतानाच पन्हाळीमागे भुईसपाट पडलेला एक कोल्हा उसळला आणि त्याने उडत्या थव्यातून एक पक्षी हवेत टिपला. तो कोल्हा तासभर आमच्या समोरच होता आणि आम्हाला दिसला नव्हता.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून ज्यांनी प्राणीगणना केली आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. बसणाऱ्याला जंगल दिसतं. कगालागाडीत तर हे जास्तच खरं, कारण पाणी मोजक्या जागी आहे आणि तिथे कधी ना कधी सगळ्यांना यावंच लागतं.

म्हणून रोजचा क्रम असा ठेवा. फाटक उघडताच बाहेर पडा. रात्री सिंह अनेकदा रस्त्यानेच चालतात, तेव्हा पहिल्या गाडीला वाळूवर ताजे ठसे वाचता येतात. एक किंवा दोन पाणवठे निवडा, इंजिन बंद करा आणि दोन तास हलू नका. स्प्रिंगबॉक सगळे एकाच दिशेला पाहत उभे असतील, तर तुम्हीही तिकडेच पाहा. दुपारी कॅम्पवर विश्रांती, चारनंतर पुन्हा तेच. प्राण्याच्या वाटेत गाडी आडवी घालू नका. शिकार चालू असेल तर इंजिन सुरूही करू नका, चित्त्याचा एक फसलेला प्रयत्न म्हणजे त्याच्या पिल्लांची एक उपाशी रात्र.

काही दिसत नसेल तेव्हाही पाहण्यासारखं खूप असतं. भर दुपारी वाळूच्या टेकाडावर स्तब्ध उभा असलेला जेम्सबॉक पाहा. त्याचं अंग माणूस सहन करणार नाही इतकं तापतं, पण मेंदूकडे जाणारं रक्त नाकात गार होऊन परतणाऱ्या शिरांजवळून निवून वर जातं. तो उभा आहे, कारण उभं राहणं हीच त्याची जगण्याची युक्ती. बाभळीच्या जातीच्या कॅमलथॉर्न झाडांवर गवताच्या गंजीएवढी घरटी दिसतील. ती बांधणारे पक्षी आपल्या सुगरणीचेच नातेवाईक, पण इथे शेकडो पक्षी एकाच छपराखाली राहतात आणि त्यातल्या एखाद्या खोलीत चिमुकला पिग्मी ससाणाही बिऱ्हाड करतो. वाळूवर लोळणारं त्सामा हे रानकलिंगड म्हणजे कोरड्या महिन्यांत प्राण्यांचं आणि माणसांचंही पाणी.

रात्री दिवे मालवून आकाश पाहा. ध्रुवतारा नाही. अगस्त्य आणि त्रिशंकू आपल्याकडच्यापेक्षा बरेच वर चढतात. डिसेंबर ते मार्चमध्ये गेलात तर आपलं मृग नक्षत्र उलटं दिसेल.

इथली माणसं

ही भूमी रिकामी नव्हती. ‡खोमानी सान लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. उद्यान झालं आणि त्यांना त्यांच्याच भूमीतून बाहेर पडावं लागलं. 1999 साली त्यांचा जमिनीचा दावा मान्य झाला, पुढे पार्कच्या आतली काही जमीनही त्यांना आणि शेजारच्या मीर समाजाला परत मिळाली. 2017 मध्ये युनेस्कोने त्यांचा सांस्कृतिक भूप्रदेश जागतिक वारसा म्हणून नोंदवला. अभयारण्यांसाठी गावं उठताना आपण महाराष्ट्रातही पाहिली आहेत, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. वाटेवर सान कारागीर शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाच्या आणि बियांच्या माळा आणि कोरीव वस्तू विकायला बसलेले दिसतील. थांबा, नमस्कार करा, घासाघीस न करता विकत घ्या. फोटो हवा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा. माग काढणारा सान वाटाड्या मिळाला तर त्याच्याबरोबर सकाळचा एक फेरफटका जरूर करा. वाळूवरची रात्रभराची हकीकत तो वाचून दाखवतो.

आता आराखडा

एका आठवड्याचा साधा बेत असा: पहिली रात्र त्वी रिव्हिएरेन, पुढच्या तीन आऊबकाठी माटा-माटा किंवा टेंटेड कॅम्पमध्ये, शेवटच्या तीन नोसोबला. यापेक्षा जास्त ठिकाणं एका आठवड्यात बसवू नका. तरीही मोह होईलच, कारण इतक्या लांब आणि इतके पैसे खर्चून आपण रोज येणार नाही. म्हणून आरक्षण करताना मुक्कामांची यादी कागदावर लिहा, मग त्यातलं एक ठिकाण खोडा आणि त्याच्या रात्री उरलेल्यांना वाटून द्या.